कान पिळता येईल असा विस्तव

मे महिन्यातच बेटाच्या फाटकावर पाटी लागली:
लाकूड पेटवायचं नाही. कोळसा नाही.
खाली बारीक अक्षरांत,
बंद करायची कळ असेल तेवढाच विस्तव चालेल.

आफीनं पाटी दोनदा वाचली,
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
ऐंशीव्या वर्षी त्याला कुणीतरी सांगत होतं
की विस्तवाला कान हवेत, पिळायला.

गाडी वळवली. रिव्हर्टनला बोहदानच्या दुकानात
कुऱ्हाडी आणि गळ यांच्या मधल्या फळीवर
सहा स्टोव्ह, शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे ताठ.
सिग्नीला आवडला तो पिवळा, चपटा, दप्तरात मावणारा.
त्यात ब्युटेन जातो, बोहदान म्हणाला.
ब्युटेन म्हणजे लाडावलेला जावई,
थंडी पडली की पांघरुणाबाहेर येत नाही.
तुमच्या काठावर अजून पहाटे बर्फाची साय धरते.
प्रोपेन न्या. तो उणे तीसलाही उठून कामाला लागतो.

आफीचा प्रश्न वेगळाच:
याला फुंकर कुठून घालायची?
कुणी हसलं नाही.
बोहदाननं दोन बर्नरचा हिरवा डबा पुढे सरकवला,
तीन बाजूंना पत्र्याचे पंख, वारा अडवायला,
आणि छोटे सिलिंडर दोन.
एक संपतो तेव्हा मासा नेमका अर्धा कच्चा असतो.

पाण्याकाठी मी सांध्यावर साबणाचा फेस लावला.
सिग्नी गुडघे टेकून बुडबुड्याची वाट बघत बसली.
एकही आला नाही. ती हिरमुसली.

मग टक, टक, आणि एकदम भुस्स.
उन्हात ती ज्योत दिसतच नाही.
आफीनं वर हात धरला, झटकन मागे घेतला.
आहे, म्हणाला,
शेजारी घरी आहे का ते बघून आल्यासारखा.

साठ वर्षं त्यानं इथे आग रचली होती:
खाली बर्चची साल, वर टॅमरॅकच्या काटक्या,
मग ओंडका, त्याच्या पोटाखालून वाऱ्याला वाट.
घरात आलेली प्रत्येक सून, प्रत्येक जावई
त्या परीक्षेला बसलेले.
मी नापास झाले होते. माझी ओली काडी अजून सांगतात.
आज सात वर्षांची पोर एका बटणात पास.

उत्तरेला कुठेतरी खरंच जंगल जळत होतं.
सूर्य न घासलेल्या तांब्याच्या पातेल्याचं बूड.
त्या उजेडात आम्ही पिकरेल तळला.
कॉफी उतू गेली, ज्योत पिवळी झाली,
पुन्हा निळी, राग गिळल्यासारखी.
सिलिंडरच्या अंगावर दंव चढलं.
वरून जाळायचं आणि खालून गारठायचं:
हे मला आधी माणसांतच माहीत होतं.

अंधारलं. थंडी गुडघ्यापर्यंत आली.
याला तंबूत नेऊ या, सिग्नी म्हणाली.
नाही, आफी आणि मी एकदम.
मग त्यानं तिला धूर नसलेल्या धुराची गोष्ट सांगितली,
डोळ्यांना न झोंबता झोपवून टाकणाऱ्या,
आणि स्वतःच वाकून कळ पिळली.

फुसफुस थांबली.
संध्याकाळभर आम्ही केवढ्यानं बोलत होतो!
बर्फाच्या उरलेल्या काड्या काठाशी किणकिणत होत्या,
आणि लांब कुठेतरी एका बोटीची साखळी.

नेहमी या वेळी निखारे असायचे.
निखारे असले की उठायचं नसतं,
कुणीतरी काठीनं उकरतं, आतून जुनं काहीबाही निघतं.
आता पुढ्यात कोमट पत्रा. राखसुद्धा नाही.
उठायला काहीच हरकत नव्हती.

आफीचे हात अजून स्टोव्हवरच पसरलेले.
सिग्नीनं आपले त्यांच्या शेजारी धरले.
मी खुर्ची जराशी पुढे ओढली.

त्या वर्षी, आफी म्हणाला, जाळं इतकं जड झालं होतं
की तुझ्या पणजोबानं